खुंटीवरची सतरा नंबर

संघाचे कपडे धुणं, इस्त्री करणं हे माझं काम. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या बंदराच्या गावात तीस वर्षं तेच केलं. मला फुटबॉलमधलं कळत नाही असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. कपड्यांमधलं कळतं. त्या दिवशीही नेहमीसारखा बाराला मैदानावरच्या कपडे बदलायच्या खोलीत पोचलो, सगळ्यांच्या जर्सी टांगल्या आणि शेवटी कोपऱ्यातल्या खुंटीवर सतरा नंबर लावली.

सतरा नंबर दार्सोनोचा. सहा हंगामांपूर्वी मध्यंतरात तो त्याच खुंटीखाली बसला, ‘कार्लनकाका, चहा द्या’ म्हणाला आणि चहा येईपर्यंत त्याचा जीव गेला. उरलेला अर्धा सामना राहिला तो राहिलाच. क्लबनं तो नंबर कायमचा बंद केला. पण दर हंगामाला एक नवी सतरा नंबर शिवायची आणि प्रत्येक सामन्याला न्यायची, ही रीत आम्ही पाळली. ती खुंटीवरून काढताना मी दरवेळी विचारायचो, ‘घेऊ का रे, दार्सोनो?’ तरुण पोरं हसायची. हसू देत मेली.

त्या दुपारी हरलो असतो तर संघ खालच्या गटात गेला असता. माझा मुलगा गालिह डाव्या बाजूला बचाव करायचा. सत्तराव्या मिनिटाला त्याची भुवई फुटली. जर्सी रक्तानं भरली. दुसरी दिली, तर पट्टी सुटून तीही भरली. रक्ताच्या कपड्यात पंच खेळू देत नाहीत, आणि आमचे बदली खेळाडू संपले होते. काहीही द्या पण लवकर द्या, असं गालिह म्हणत होता. मी आत धावलो, खुंटीवरची सतरा ओढली आणि स्वतःच्या हातांनी लेकाच्या डोक्यातून घातली. विचारायचं राहूनच गेलं. विचारण्यात मिनिटभर उशीर झाला असता तर काय बिघडलं असतं, असं आता वाटतं.

गालिह एरवी मधली रेघ ओलांडायचा नाही. त्या दिवशी तो उजव्या बाजूनं धावत सुटला, डावा खांदा पाडून, दार्सोनो धावायचा तसा. स्टँडमधली जुनी माणसं एकेक करून उभी राहिली, पण ओरडलं कुणीच नाही. त्यानं गोल केला. आम्ही वाचलो. तो हसलासुद्धा नाही.

संघ मिरवणुकीला गेला. गालिह खोलीत येऊन खुंटीखाली बसला, भिंतीकडे तोंड करून. उन्हं वरच्या झरोक्यातून येत होती. ओल्या कपड्यांचा वास होता, आणि त्यात दार्सोनो ओढायचा तसल्या लवंगेच्या सिगारेटचा. माझा पोरगा सिगारेट ओढत नाही.

“काढ ती जर्सी. घरी जाऊ.”

“पंचेचाळीसातली वीसच झाली. माझी पंचवीस मिनिटं राहिलीत, कार्लनकाका.”

मला जन्मापासून बाबा म्हणणारं पोर ते. मी त्याला माझ्याकडे वळवलं आणि जर्सी वर ओढली. ती हलेना. कातडीला चिकटावी तशी बसली होती. मग तिच्या आतून, छातीच्या जागेवरून, गालिहचा आवाज आला. समोरचे ओठ मिटलेले होते.

“बाबा... फार घट्ट आहे... काढा ना.”

मी पट्ट्या कापायची कात्री घेतली आणि गळ्यापासून खाली कापत गेलो. आत कातडी नव्हती. आत घामानं ओली सतरा नंबर होती, गेल्या हंगामातली. कॉलरची शिवण मीच घातलेली. तीही कापली. आत त्याच्या आधीची. ती कापली. दर वेळी आतला आवाज आणखी लांब जात होता, विहिरीत उतरत गेल्यासारखा. मी रडत होतो आणि कापत होतो.

सहा झाल्या. सातवी ती होती, दार्सोनो ज्यात गेला ती. मी धुऊन त्याच्या आईच्या हातात दिलेली. मी कात्री टेकवली, आणि आतून जेमतेम ऐकू आलं, “बाबा...”

आणखी एक कापली तर तेवढंही ऐकू येणार नाही, हे मला कळलं. मी कात्री खाली ठेवली.

“बाबा...” पोरगा आतून म्हणाला, “का थांबलात?”