सवारी सापडली नाही

दोष नजाबत हुसैनचा होता. धुक्याचा नाही, मुनसिफचा नाही आणि त्या कुत्र्याचा तर नाहीच नाही. तौकीरला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी तो गप्प बसला. कारण नजाबत त्याचा ताया, बापाचा थोरला भाऊ, आणि ब्रॅडनशॉ गावातल्या निम्म्या टॅक्सी तायाच्या बेसवरून, म्हणजे त्याच्या टॅक्सी-ऑफिसातून, सुटायच्या. बेसवर सगळेच त्याला ताया म्हणत. कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराला दुसरं कोण विचारणार होतं?

त्या बुधवारी दुपारी तायाने दिलेलं काम तसं साधं होतं.

“वर पठारावर जा. धरणाजवळचा बसथांबा. गाडी लाव, फोन काचेला अडकव आणि पाच मिनिटं शूटिंग कर. त्या दिवशीसारखंच धुकं आहे आज. बाकावर बसलेलं माणूस गाडीतून दिसत नाही, एवढंच उद्या काउन्सिलच्या कमिटीला दाखवायचंय.”

“आणि बाक दिसलं तर?”

“तर गाडी दहा पावलं मागे घे. एवढंही शिकवलं नाही का रे कॉलेजात? आणि घरची गाडी ने. टॅक्सीची प्लेट असलेली गाडी बिनबॅजवाल्याने चालवली तर ती काउन्सिलची बया आणखी एक नोटीस काढेल.”

तौकीरचा बॅजसाठीचा, म्हणजे टॅक्सी चालवायच्या परवान्यासाठीचा, अर्ज काउन्सिलमध्ये तीन महिने पडून होता. बॅज मिळाला की ताया गाडी देणार होता. त्या एका बॅजवर त्याचं सगळं अडलं होतं.

सहा आठवड्यांपूर्वी मिस थॉर्नलीने त्याच थांब्यावर टॅक्सी बोलावली होती. सत्तरीची आंधळी बाई, सोबत तिला वाट दाखवणारा कुत्रा. बेसवरचा ड्रायव्हर मुनसिफ चाचा तिथे पोचला. तौकीर तेव्हा बेसवर, रेडिओच्या बाजूलाच बसला होता. त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. मुनसिफ म्हणाला, “ताया जी, बाई आहे, पण कुत्रा आहे सोबत. माझी नमाजाची चटई मागच्या सीटवर आहे, नापाक होईल.” ताया म्हणाला, “सोड. ‘सवारी सापडली नाही’चं बटण दाब आणि खाली ये.” “थंडी फार आहे, ताया जी...” “दुसरी गाडी पाठवतो मी.”

नाही पाठवली. समोसे आले होते, विसरला.

आंधळ्याच्या कुत्र्याला नाही म्हटलं तर बॅज जातो, हे ड्रायव्हरांना पाठ असतं. सवारी सापडली नाही म्हटलं तर काहीच जात नाही, हेही पाठ असतं. इमामसाहेबांनी जुम्म्याला दोनदा सांगितलं होतं की असल्या कुत्र्याला गाडीत घ्या, सीट पुसून टाका, झालं. पण ताया पडला मशिदीच्या कमिटीवर. कमिटीवाले इमामाचं कधी ऐकतात का?

बाई वाट बघून बघून चालत निघाली. दुसऱ्या दिवशी धरणाच्या भिंतीखाली सापडली. कुत्रा तिच्या अंगावर पसरून पडला होता. दोघंही गार. आणि काउन्सिलच्या चौकशीत तौकीरने जबाबावर सही केली की रेडिओवर तसलं काहीच बोलणं झालं नव्हतं.

वर पोचला तेव्हा साडेतीन झाले होते. धुकं इतकं, की थांब्याचं छप्पर तेवढं हवेत लटकल्यासारखं दिसत होतं. बाक दिसतच नव्हतं. गाडी मागे घ्यायची गरजच पडली नाही. त्याने हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं आणि फोनवरचं लाल बटण दाबलं.

पहिलं मिनिट काहीच नाही. छपरावरून थेंब पडायचा, टप्... मग बराच वेळ नाही, मग पुन्हा टप्. कुठेतरी एक मेंढी खोकली, अगदी माणसासारखी. तौकीर मनातल्या मनात हसला. मग वास आला. ओल्या लोकरीचा. मेंढ्यांचाच असणार. पण काचा तर सगळ्या बंद होत्या. वास गरम होत गेला, जवळ आला, आणि तो लोकरीचा नव्हता.

टिंग.

समोर तांबडा दिवा लागला. मागची डावी सीट. बसलेल्याने पट्टा लावलेला नाही.

टिंग. टिंग.

मागे काही ठेवलं होतं का? नव्हतं. त्याने मान वळवली नाही, फक्त आरशात पाहिलं. सीट रिकामी होती. पण शेजारच्या काचेवर आतून वाफ धरली होती. दोन जागी. एक बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर, लहानशी. दुसरी त्याच्या खाली, पसरट. वरची हळूहळू मोठी व्हायची, विरायची. खालची भराभर.

“मिस... मिस थॉर्नली?” त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. “मी ड्रायव्हर नाही हो... मला बॅज नाही अजून. बुकिंगशिवाय कुणाला घेता येत नाही... नियम आहे...”

खट्.

पट्टा लागला. दिवा विझला. पाठीमागून सीटवर काहीतरी आपटू लागलं, मऊ, संथ, खुशीत असल्यासारखं. धप्... धप्... कुत्रा शेपूट आपटतो तसं.

तिचं घर दीड मैलावर होतं. पत्ता सगळ्या बेसला पाठ होता. नेऊन सोडायला पाच मिनिटं लागली असती. तौकीर खाली उतरला, गाडीला वळसा घालून गेला आणि मागचं दार सताड उघडलं.

“उतरा,” तो म्हणाला. “प्लीज. माझा अर्ज अडकलाय... मला ह्यात घेऊ नका...”

धप् धप् थांबलं. मग पट्टा सुटल्याचा आवाज झाला आणि त्याच्या गुडघ्याला काहीतरी ओलं घासून गेलं. त्याने दार लावलं, गाडी काढली आणि तिसऱ्या गिअरमध्येच सगळा घाट उतरला.

घरी येऊन त्याने शूटिंग लावून पाहिलं. पाच मिनिटं नुसतं धुकं. आवाज फक्त इंजिनचा. त्याचं स्वतःचं बोलणंही त्यात नव्हतं. ताया खूश झाला. “शाबास पुत्तर! बॅज आलाच समज.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काउन्सिलच्या खोलीत कमिटीचे तिघे गोरे बसले होते. बाजूला लायसन्स खात्याच्या मिसेस पिकरिंग, नोंदी घेणारी एक कारकून, आणि समोर ताया, मुनसिफ, तौकीर. भिंतीवरच्या पडद्यावर धुकं सुरू झालं. अध्यक्षबाई चष्मा लावून बघत होत्या.

दुसऱ्या मिनिटाला रेडिओ खरखरला. घरच्या गाडीत बेसचा रेडिओ नव्हताच.

“ताया जी, बाई आहे, पण कुत्रा आहे सोबत...”

मुनसिफने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पडद्यावरचं धुकं हलत नव्हतं आणि त्यातून तायाचा आवाज स्वच्छ येत होता. समोशाचा घास गिळत बोलल्यासारखा. सगळं आपल्या पहाडी बोलीत. कमिटीतल्या एकालाही अक्षर कळलं नाही.

“हे काय बोलतायत?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“काही नाही मॅडम, गाणी लागली होती,” ताया घाईने म्हणाला.

“तुम्हाला नाही विचारलं. शूटिंग ह्या मुलाने केलंय. तू सांग. शब्दाला शब्द.”

तायाने तौकीरकडे पाहिलं. ओठ न हलवता, बोलीतच म्हणाला, “तुझ्या बापाला आठव. ह्या देशात त्याला कोणी आणलं, आठव.”

तौकीरला बाप नाही आठवला. गुडघ्याला ओलं लागलं ते आठवलं. त्याने सांगितलं. शब्दाला शब्द, थंडीसकट, दुसऱ्या गाडीसकट.

“आणि तू तेव्हा तिथे होतास?” मिसेस पिकरिंगनी विचारलं.

“होतो.”

“म्हणजे तुझा जबाब खोटा.”

“हो.”

आठवड्याने काउन्सिलचा लिफाफा आला. तायाचा बेस बंद, मुनसिफचा बॅज रद्द. सोबत त्या सकाळच्या नोंदीची प्रत होती. हजर असलेल्यांची नावं ओळीने टाइप केलेली, आठ जणांची. त्याखाली नववी ओळ होती: प्रेक्षकांत एक महिला, नाव सांगितले नाही, सोबत मार्गदर्शक कुत्रा. तौकीरने नोंदी घेणाऱ्या त्या कारकून बाईला फोन केला.

“चूक कसली?” ती म्हणाली. “तुझ्या मागच्याच खुर्चीवर तर होत्या. तू उठलास तशा उठल्या, तुझ्याबरोबरच बाहेर पडल्या. मला वाटलं, तूच घेऊन आला आहेस.”

लिफाफ्यात आणखी एक कागद होता. खोटा जबाब दिल्यामुळे तौकीरचा अर्ज फेटाळला होता. त्याला बॅज मिळाला नाही.