पालथा बेल

महादेवी, ये अशी. कंदिलाची वात जराशी वर कर अन् बस माझ्यापाशी. भाकरीचं राहू दे घटकाभर. ह्या मोडक्या मांडीनं मला आता उठवत न्हाई, म्हणून एक काम तुझ्या गळ्यात घालायचंय. लगीन होऊन आलीस तवापासून विचारतीस न्हवं, परड्यातला तो दगडांचा ढीग कसला, अन् रोज दिवेलागणीला आत्याबाई, म्हंजे मी, मामंजींच्या खोलीचं दार कशापायी लावून घेतात? आज सांगते.

तुझे मामंजी आता भिंतीला टेकून गप बसून असतात, पण तवा लई हौशी माणूस. इथं मोमिनाबादेत आपलं हेच झाडपाल्याच्या औषधांचं दुकान. डोळे झाकून पान चुरगाळायचे अन् नाव सांगायचे. एकदा कुणाच्या तरी विहिरीतून निघालेला पांढरट दगड दारात अडसर म्हणून ठेवला व्हता. बैलगाडीचं चाक लागून तो फुटला, अन् आत पान! पिंपळाच्या जाळीवानी शीर न् शीर दिसत व्हती. झालं, आधीच मर्कट अन् त्यात मद्य प्याला.

मग काय बाई! कुणाच्या विहिरीत काळ्या दगडाच्या मधी पांढरा थर लागला म्हणून कळायचा अवकाश, हे छिन्नी-हातोडी घेऊन हजर. दगड घरी आणायचा, हलक्या हातानं पदर सुटल्यागत उकलायचा, अन् आतल्या पानाशेजारी ताजं पान ठेवून बघायचं. देठ जुळतो का, मधली शीर जुळती का, कडेला दाते हायेत का. जुळलं तर नाव, न्हाई जुळलं तर वरच्या फळीवर. मी म्हणायची, "दगडाच्या पानाचा काढा करून कुणाला पाजणार?" ते हसायचे. "गंगे, मला एकच पान पाहिजे. बेल."

तुला ठाऊकच हाय, बेल शिळा होत न्हाई. वाहिलेला बेल धुवून पुन्हा वाहता येतो. ह्यांच्या मनानं घेतलं की दगडातला बेल सापडला तर तो कधीच सुकायचा न्हाई, जन्मभर रोज तोच वाहायचा. म्हणलं, असू दे बाई, एकेकाचं याड.

हैदराबादेत मुसी नदीला पूर आला, त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. ओवा घ्यायला आमी दोघं छकड्यातनं युसूफ वडगावच्या बाजारला गेलतो. बाजार आटोपला, अन् ह्यांना कुणीतरी सांगितलं की मोहनराव पाटलाची नवी विहीर अर्धी खोदून टाकून दिली हाय. खाली पांढरा थर लागला, पाण्याच्या वासावर आडवं बीळ मारलं, पण खोदणारे काम सोडून निघून गेले. मी म्हणलं, घरी चला. पण ह्यांचा पाय आधीच मळ्याकडं वळला व्हता.

विहिरीवर पाटलाचा राखणदार आश्रुबा चिलीम ओढीत बसलता. तो म्हणला, "कशापायी उतरता सावकार? ते लोक म्हणत व्हते, खाली वल्ल्या पाल्याचा वास येतो. अन् इथं तर कोसभर झाड न्हाई."

"दगडात झाडं हायेत बाबा," हे म्हणाले अन् शिडी उतरले. एकटं कसं सोडावं? पदर खोचला अन् कंदील घेऊन मी बी मागं उतरले.

वर भर दुपारचं ऊन, खाली अंगावर काटा येईल असा गारवा. बिळात वाकून, मग रांगून जावं लागत व्हतं. अन् वास खरंच येत व्हता गं... आत्ता तोडलेल्या पानाचा. शेवटाला जरा रुंद जागा व्हती, दोन माणसं कशीबशी बसतील एवढी. चौफेर पांढरी, भुसभुशीत भिंत. हात लावला की भस्म लागल्यागत बोटं पांढरी व्हायची. ह्यांनी छिन्नी लावली, एक पापुद्रा उचलला, अन् लेकरावानी ओरडले. "गंगे, बेल!"

तीन दळं. अख्खा देठ. त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. जिथं उकलावं तिथं बेलच बेल.

मी कंदील जवळ नेला अन् नीट बघितलं. महादेवी, झाडाखाली पडलेला पाला कसा असतो? एखादं पान उताणं, एखादं पालथं, एखादं मुडपलेलं. इथं समदे बेल पालथे. अन् समद्यांचे देठ एकाच अंगाला, त्या बसायच्या जागेकडं. पालथा बेल, देवाकडं देठ, वाहायची रीतच तशी. म्हंजे हा पडलेला न्हवता गं. कुणीतरी वाहिलेला व्हता.

"अहो," मी म्हणलं, "हा कुणाच्या तरी पूजेचा हाय... ठेवा तो. चला."

पण त्यांना कुठला धीर! घरी जाईस्तोवर कळ काढवंना. तिथंच, त्या रुंद जागेत, बिळाच्या तोंडाकडं तोंड करून मांडी घातली, गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं अन् त्यावर तो दगडाचा बेल पालथा ठेवला. डोळे मिटले.

अन् तवा मला दिसलं, आमी कुठं हावोत ते. आपल्या लिंगायतांत माणूस गेला की काय करतात? खड्डा काढायचा. खड्ड्याच्या कडेला कोनाडा कोरायचा. त्यात त्याला मांडी घालून बसवायचं, हातात लिंग द्यायचं, अन् वरनं बेल अन् भस्म. विहीर म्हंजे खड्डा. बीळ म्हंजे कोनाडा. अन् माझा धनी त्यात आपल्या पायानं जाऊन बसलता.

"उठा," मी म्हणलं. "अहो... उठा ना..."

त्यांनी डोळे उघडले. पण पापणी लवंना.

मग आवाज आला. टप्. अगदी हलका, पान ठेवल्याचा. त्यांच्या गुडघ्यावर एक बेल व्हता. पुन्हा टप्, दुसऱ्या गुडघ्यावर. वरनं पडताना दिसत न्हवता गं, कुणी ठेवताना दिसत न्हवतं. नुसता असायचा. पालथा, देठ त्यांच्याकडं. मागं वळून पाहिलं तर ज्या बिळातनं आलो त्याचं तोंड भाकरीएवढं दिसायलं. वरनं भस्म झरत व्हतं. हाक मारली, "आश्रुबा! ओ आश्रुबा!" माझाच आवाज माझ्या कानाशी येऊन बसला. पुढं जावं तर हे दगडागत जड, मागं जावं तर ह्यांना टाकून जावं लागतंय. मेलो तर दोघं मरू म्हणलं, पण टाकून जाणार न्हाई.

आपल्यात लिंग अंगावेगळं करीत न्हाईत. बायकोनं नवऱ्याच्या हातातलं घेणं तर बोलायलाच नको. मी घेतलं. आधी त्यावरला बेल उलथून उताणा केला, अन् टपटप थांबली, बिळाचं तोंडबी पुन्हा रुंदावलं. मग लिंग माझ्या मुठीत घेतलं, त्यांच्या काखेत हात घालून जीव खाऊन ओढलं, अन् मला ओलांडून त्यांना बिळाच्या तोंडाच्या अंगाला लोटलं. रुंद जागेत मी राहिले, ते बाहेरच्या बाजूला. तेवढ्यात मला... ते सांगते मागून. ढकलीत ढकलीत त्यांना बाहेर काढलं. आश्रुबानं दोर टाकला. वर आलो तर ऊन गेलतं, चांदण्या दिसत व्हत्या. त्यानं विचारायच्या आधी मी ह्यांच्या गळ्यात लिंग बांधलं.

माणूस परत आणला बाई. पण अर्धाच. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते भिंतीला टेकून बसलते अन् त्यांच्या मांडीभोवती बेल व्हते. दगडाचे, पालथे, देठ त्यांच्याकडं. ह्यांचे डोळे तसेच, पापणी लवंना. मी एकेक उताणा केला, तवा कुठं त्यांनी श्वास टाकला अन् पाणी मागितलं. तवापासून रोज. पोराच्या बाळंतपणातबी बाजेवरनं उतरून मी हेच केलं. उताणे करायचे अन् परड्यात नेऊन टाकायचे. तोच तो ढीग.

आता माझ्यानं व्हत न्हाई. आजपासून तू कर माय. घाबरू नको, नुसतं उलथायचं. जा, दिवे लागायची वेळ झाली. कंदील ने. मी अंधारात बसते.

...आलीस? एवढ्यात?

एकबी न्हाई म्हणतीस? नीट बघितलंस? मांडीखाली? पाठीशी? अन् हे? काय म्हणलीस, हसले? तुला नावानं हाक मारून जेवायला मागितलं?

अगं माझ्या बाई. इतक्या सालात त्यांनी आपणहून जेवायला मागितलं न्हवतं.

रडत न्हाई मी. बस. मघाशी एक गोष्ट मागं ठेवली व्हती न्हवं? ह्यांना ओलांडून लोटलं, तवा त्या जागेत त्यांच्या बदली मी बसलते, अन् लिंग माझ्या मुठीत व्हतं. तवा माझ्या पायावर एक बेल ठेवला गेला. एकच. मी तो झटकला अन् कुणाला बोलले न्हाई.

कंदील इकडं आण. पांघरूण वर कर पायाकडनं. मघापासून गार लागतंय... मला वाटलं, मांडीचंच दुखणं हाय.

किती हायेत? बरं, मोजू नको. देठ माझ्याकडंच हायेत न्हवं?

हात मागं घे महादेवी! उलथू नको म्हणते ना! उलथलेस तर ते पुन्हा त्यांच्याकडं जातील. राहू दे तसेच. तू जा, त्यांना गरम भाकरी वाढ, वरनं तूप घाल, त्यांना आवडतं.

काय बघतीस बोटाकडं? वल्लं लागलं? आजवर तर समदे दगडाचेच असायचे... दाखव. हुंग बरं. हा तर हिरवा हाय गं, माझ्यासाठी आत्ता तोडलेला. अन् देठातनं अजून पाणी गळतंय.