पूनमसिंगचं लाल इंजिन

"दार लावा! कोणीच बाहेर जायचं नाही!" पूनमसिंगचा घसा बसला होता, तरी तो ओरडतच होता.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या त्याच्या शेडमध्ये लहान मुलांसाठी लाकडी आगगाड्या बनत. तीन वाजता नागपूरचे खरेदीदार नमुना पाहायला येणार होते. तो पसंत पडला तर दोनशे अंगणवाड्यांचं काम मिळणार होतं. आणि नमुन्याचं लाल इंजिन जेवणाच्या सुट्टीत टेबलावरून गायब झालं होतं.

गुप्तहेर उर्वशी स्कूटरवर आली तेव्हा दोन वाजले होते. मागे तिचे मदतनीस फुलचंदभाऊ बसले होते. तीस वर्षं एसटीत कंडक्टर असलेले फुलचंदभाऊ चोर चेहऱ्यावरून ओळखत. फक्त दरवेळी चुकीचा ओळखत.

"इंजिन म्या सोता केलं," पूनमसिंग म्हणाला. "लाकूड, रंग, चुंबक, सारं माह्या हातचं. परवा घरी नेलतं. दोन वर्षाची नात राखी सोडेच ना. आमची घरवाली भुरीबाई तेवढी कुरकुर करत होती. तिले काय समजते यातलं!"

फुलचंदभाऊंनी टेबलावरचे गाडीचे दोन डबे जवळ आणले. टक! चुंबकानं डबे जोडले गेले. त्यांनी ते सोडवले. पुन्हा टक. उर्वशीनं डोळे वटारल्यावर थांबले.

कारागीर धर्मपाल समोर आला.

"यालेच राग हाय!" पूनमसिंग म्हणाला. "नमुना मी करतो म्हणे. म्या करू देला नाही."

"म्हणत होतो. आताही म्हणतो," धर्मपाल शांतपणे म्हणाला. "पण चोरी कायले करू?"

'हाच,' फुलचंदभाऊंनी ठरवलं.

रंगकाम करणाऱ्या जयाचे हात कोपरापर्यंत ओले निळे होते. "म्या हात लावला असता तं टेबल निळं नसतं झालं?" टेबलावर ठिपकाही नव्हता.

'मग ही,' फुलचंदभाऊंनी मत बदललं.

पूनमसिंगची बायको भुरीबाई टिफिन बाजूला ठेवून स्टुलावर बसली होती. "यायचं जेवण झालं. हे हात धुवाले गेले, मी टिफिन आवरला. आता घरी जाऊ देत नाहीत."

"सगळ्यायच्या पिशव्या झाडल्या, भुसा चाळला," पूनमसिंगनं कपाळावर हात मारला.

फुलचंदभाऊ सेफ्टी पिनेनं दात कोरत होते. भुरीबाईनं असं पाहिलं की ते गडबडले आणि पिन हातातून सुटली. ती टिफिनच्या बाजूला उभीच्या उभी चिकटून राहिली. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, जुना टिफिन. रस्सा सांडला असेल, असं वाटून त्यांनी तो रुमालानं पुसला. रुमाल स्वच्छच राहिला.

उर्वशी हसली. "काकू, टिफिन उघडता का?"

भुरीबाईनं टिफिनच्या झाकणावर हात दाबून धरला.

"रश्शानं चिकटली असती तर रुमालाला डाग पडला असता," उर्वशी म्हणाली. "आणि जर्मनच्या भांड्याला पिन आपोआप चिकटत नाही. आत चुंबक असेल तरच चिकटते. जेवण झाल्यावर टेबलापाशी एकट्या काकूच होत्या, आणि उष्टा टिफिन कोणी तपासला नाही. इंजिनावर कुरकुर करणाऱ्याही त्याच. का, ते त्यांनीच सांगावं."

भुरीबाईनं झाकण काढलं. लाल इंजिन एकीकडे, त्याचं चुंबक दुसरीकडे.

"मी हाती घेतलं, अन् चुंबक निघून आलं," ती म्हणाली. "परवा राखीच्या तोंडातून काढलं, तवा तुमाले सांगतलं. तुमी पुन्हा गोंद लावून चिकटवलं. दोनशे गावचे लेकरं हेच तोंडात घालतील, तवा कोण काढन?"

पूनमसिंगनं चुंबक उचललं. वाटाण्याएवढं होतं.

"धर्मपाल," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तू कसं बसवलं असतं?"

"खोल भोक पाडून. वरून लाकडाची खुंटी ठोकून."

"मग तेव्हाच बोलला काहून नाही?"

"बोलू दिलं काय?"

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. खरेदीदार आत आले. "नमुना कुठाय?"

पूनमसिंग पुढे झाला. "नापास झाला, साहेब. आमच्या घरच्या तपासनीसानं नापास केला." त्यानं बायकोकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी चुंबक तळहातावर फिरवून पाहिलं. "बरं झालं. नवा नमुना आठ दिवसांत द्या."

"पंधरा," भुरीबाई म्हणाली. "खुंटी मी सोता वढून पाहीन."

साहेबांनी वहीत पंधरा लिहिलं.