आधी हळद

साडेनऊला फोन आला आणि सार्जंट ईशिताच्या तोंडचं पाणीच पळालं. रेखाआत्या सकाळपासून बेपत्ता होत्या.

कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या त्या चिमुकल्या गावात मराठी बोलणाऱ्या या दोघीच. कड्यावर हजारो वर्षांचा एक उभा दगड आहे. आत्या त्याला म्हसोबा म्हणायच्या आणि रोज हळद-कुंकू वाहायच्या. गाव हसायचं, पण आत्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

आज दगडाच्या पलीकडे, थेट कड्याच्या टोकाशी, त्यांच्या रोजच्या चपला पडल्या होत्या. खालच्या काळ्या पाण्यात कोस्टगार्डची बोट घिरट्या घालत होती. घर विका म्हणून आत्यांच्या मागे लागलेला, मिल्टन कीन्सहून आलेला भाचा समर दगडापाशी उभा होता.

“आत्यांना शेवटचं कधी पाहिलंस?”

“सात वाजता. आत्या पूजेला गेला.”

“गेली. आणि तू?”

“घरी. कॉफी घेत होतो.”

“बीचवर उतरला नव्हतास?”

“नो! अजिबात नाही.”

त्याची जीन्स गुडघ्यापर्यंत ओली होती. ईशिता दगडाकडे वळली. कुंकवाचा ठसठशीत टिळा, आणि त्याच्यावर हळदीचं बोट. अकराला पूर्ण भरती येणार होती.

“समर, ही पूजा आत्यांची नाही. आधी हळद, मग कुंकू. चाळीस वर्षं हे करणारी बाई झोपेतसुद्धा उलटं करणार नाही. आणि देवाकडे जाताना चपला अलीकडे काढतात, या पलीकडे आहेत. हे तू मांडलंस, सगळ्यांनी भलतीकडेच शोधावं म्हणून. घरी कॉफी पिताना जीन्स भिजते होय रे? बोल, कुठे आहेत त्या?”

समरची पाचावर धारण बसली.

“मी ढकललं नाही, आय स्वेअर! खाली, बीचवरच्या गुहेत ती पडला. पाय मोडला. मी फक्त... निघून आलो.”

“फक्त! घर विकायला नाही म्हणाल्या, एवढ्यासाठी?”

त्याला कॉन्स्टेबलच्या हवाली करून, बोट गुहेकडे वळवायला रेडिओवर ओरडत ईशिता पायवाटेने धावत सुटली.

गुहेत पाणी कमरेला लागत होतं. आत, खडकाला घट्ट धरून, आत्या कुडकुडत बसल्या होत्या. जिवंत! ईशिताला रडूच फुटलं.

“आलीस गं बाई! समरने पाठवलं ना तुला? मदत आणायला गेलाय केव्हाचा. चुकला असेल वाटेत.” आत्यांनी तिचा हात धरला. “त्याला खाली येऊ देऊ नकोस हं. भरती आहे, आणि पोराला पोहता येत नाही.”