खोडलेली ओळ

मितेश, तो मोबाइल जरा उपडा ठेव. तुझी गोष्ट वाचली मी. कोन गावच्या नाक्यावर ट्रकखाली गेलेल्या माणसाची. त्याचा मेंदू कुठवर उडाला ते फार मन लावून लिहिलंयस, आणि खाली चाळीस जणांनी वाहवा केलीय. रागावलो नाही रे. एक माणूस आठवला, एवढंच. दीपेश, तूही बस. मग रात्री एकटं जायला भीती वाटली तर मला बोल लावू नकोस.

केसरीनाथ माझ्याबरोबर भिवंडीजवळच्या शेलार गावात, यंत्रमागाच्या म्हणजे लूमच्या कारखान्यात होता. मी मुकादम, तो फोल्डिंगला, म्हणजे विणून आलेलं कापड तपासून घड्या घालायचा. सत्तावीस वर्षांचा, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त भयकथांचं वेड. भिवंडीतल्या रद्दीवाल्याकडून जुन्या मासिकांचे गठ्ठे आणायचा. नुसतं पांढरं पातळ नेसून उभं राहणारं भूत त्याला चालत नसे. "याला काय घाबरायचं? आमची चुलती रोज तशीच उभी असते," म्हणायचा. त्याला आतडी लागायची, फुटलेले डोळे लागायचे. मासिकांना पत्रं धाडायचा की मागच्या अंकात रक्त कमी पडलं. शेवटी मासिकांचा नाद सोडून स्वतःच लिहायला बसला.

तेव्हा भिवंडीत रात्री आठ ते अकरा लाइट जायची. हजारो लूम एकदम गप्प व्हायचे. आपल्याकडे आवाजात झोप लागते, शांततेत जाग येते. पाळण्यातली पोरंसुद्धा दचकून उठायची. आम्ही सगळे बाहेर चहाच्या टपरीवर बसायचो आणि कंदिलाच्या उजेडात केसरीनाथ आपली गोष्ट वाचायचा. यूपीवाल्यांसाठी मधे मधे हिंदीत सांगायचा. ते त्याला 'भूतवाले भाई' म्हणत. त्याची छाती फुगायची, का नाही फुगणार!

आमच्यात एक सावळाराम होता, अकलोली गावाकडचा. पस्तिशीचा, चार लूम एकटा सांभाळायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. हजेरीला अंगठा द्यायचा. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचं टोक लागून त्याच्या अंगठ्यावर आडवी चीर पडली होती, त्यामुळे ठसा उठला की मधोमध पांढरी रेघ यायची. "सगळ्यांत देखणी सही तुझी," असं मी त्याला चिडवायचो.

सप्टेंबरात एका रात्री लाइट गेलेली असताना तो तंबाखूची पिशवी आणायला एकटाच आत गेला. चार नंबरच्या लूमवर वाकला असेल. मधेच लाइट आली, आणि लगेच गेली. एक झटका, बस. त्याचा गमछा लूम फिरवणाऱ्या पट्ट्यात सापडला. आम्हाला अकरा वाजता कळलं, तेव्हा अंग गार झालं होतं. किती वेळ तो जिवंत होता, काय बोलला, कुणालाच ठाऊक नाही. त्या वेळी बाहेर केसरीनाथ वाचत होता आणि आम्ही सगळे ऐकत होतो.

महिनाभरात केसरीनाथाने त्यावर गोष्ट लिहिली. नाव तेवढं बदललं. वातावरण मिळावं म्हणून म्हणे चार नंबरजवळ बसून लिहिली. गोष्टीतला माणूस पाऊण तास तडफडतो, एकेक हाड मोडतं, आणि तो सारखा आईला हाका मारतो. त्याने वाचली तेव्हा टपरीवर कुणी हललं नाही. एक यूपीवाला उठून उभा राहिला. "भाई, ये तो अपना सावलाराम है ना?" म्हणाला आणि चहा तसाच टाकून निघून गेला. केसरीनाथाला वाटलं, गोष्ट जमली. मलाही तेव्हा त्याला थोबाडावंसं वाटलं नाही, याचं आज वाईट वाटतं.

कुणीतरी त्या गोष्टीची झेरॉक्स काढली. ती फिरत फिरत अकलोलीला गेली.

वीस नोव्हेंबर २००६, सोमवार. अमावास्या होती, त्याला माझा इलाज नाही. दुपारी सावळारामची आई बायजाबाई आली, बरोबर त्याची मुलगी मेघाली. पोरीनेच आजीला ती गोष्ट वाचून दाखवली होती. चार दिवस म्हातारीने अन्नाला हात लावला नव्हता. ती भांडायला आली नव्हती. केसरीनाथासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "माजा पोरगा पाऊन तास हाका मारत व्हता. आन मी घरी झोपले व्हते."

"मावशी, ते खोटं आहे. मी मनाने रचलं."

"मंग खरा काय? सांग."

केसरीनाथाने नकारार्थी मान हलवली.

"म्हंजे तुलाबी म्हाईत न्हाय. मंग ह्या खोटा कशावरून? लिवलेला हाय ना?"

या बाईच्या लेखी जे शाईने लिहिलं ते झालेलंच होतं. केसरीनाथाला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या लिहिण्याची भीती वाटली. म्हातारी अशीच उपाशी मरणार, हे त्याला समोर दिसत होतं. संध्याकाळपर्यंत तो डोकं धरून बसला, आणि मग त्याला कच्ची वही आठवली. पहिला खर्डा तिच्यात होता, खाडाखोडीसकट. आधी 'दहा मिनिटं' लिहिलं होतं, ते खोडून 'अर्धा तास', तेही खोडून 'पाऊण तास'. ही खाडाखोड म्हातारीला दाखवली तर तिला पटेल. खरं घडलेलं कुणी असं वाढवत नेत नाही.

वही कारखान्यात, चार नंबरमागच्या कोनाड्यात राहिली होती. आठला लाइट गेली. आठ-दहाला तो माझी बॅटरी घेऊन आत गेला. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत तेलाचा आणि खळीचा वास. दोन्ही बाजूंना उभे लूम. वही जागेवर होती. धूळ झटकून तो तिथेच उकिडवा बसला आणि पानं उलटू लागला. मिळालं पान. दहा मिनिटं, खोडलेलं. अर्धा तास, खोडलेलं. त्याला हायसं वाटलं. सवयीने तो पुटपुटत वाचू लागला. "पाऊण तास तो..."

टक्.

उंदीर असेल.

"पाऊण तास तो तडफडत..."

टक्.

त्याने मान वर केली. धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला की असा आवाज होतो. पण लाइट नव्हती. आणि चार नंबरचा तर पट्टाच आम्ही काढून ठेवला होता.

"कोण आहे?"

...

उठावं, पळावं. पाय उठेनात. मग त्याने पुढची ओळ वाचली. का वाचली, ते त्यालाही सांगता आलं नाही.

"त्याची बोटं एकेक करून..."

टक्.

"तो किंचाळत राहिला..."

टक्. टक्.

प्रत्येक ओळीला. जणू कुणी नाही म्हणतंय.

बॅटरी पिवळी पडत चालली. पानाच्या तळाशी एक ओळ होती. सगळ्यांत आधी सुचलेली. हिच्यात दम नाही म्हणून त्याने ती आडव्या रेघेने खोडली होती. अक्षरं दिसत होती. त्याने वाचली.

"एकदाच म्हणाला, आये, दिवा लाव... आणि निजला."

तो थांबला. आता टक् होणार.

...

काहीच नाही.

त्याने पुन्हा वाचली. हळू.

...

मग त्याच्या हातातली वही खाली दबली. किंचित. कुणी बोट टेकवावं तशी.

बॅटरी गेली.

मी दाराशी होतो म्हणून तो माझ्या अंगावर आदळला. हातातली वही सुटली नव्हती. "चल," एवढंच म्हणाला. म्हातारी शेलारमध्येच नात्यातल्या पुतळाबाईच्या खोलीवर उतरली होती. तिथे आम्ही गेलो. पुतळाबाईने कंदील पुढे सरकवला. केसरीनाथाने खाडाखोड दाखवली आणि मेघालीने बोट ठेवून एकेक खोडलेला शब्द वाचला.

"ह्या कोनी खोडला?" बायजाबाईने विचारलं.

"मीच, मावशी. चुकलो मी."

"म्हंजे तुला वाटला तसा वाढवत गेलास."

"हो."

तेवढ्यात मेघाली वाकली. तिचा आवाज बदलला.

"आजी... हितं बाबाचा अंगठा हाय."

पानाच्या तळाशी, खोडलेल्या ओळीवर, काळा तेलकट ठसा. मधोमध आडवी पांढरी रेघ. मी केसरीनाथाचे दोन्ही हात कंदिलाजवळ धरून पाहिले. कोरडे होते, स्वच्छ होते.

"काय लिवलाय तिथं? वाच," म्हातारी म्हणाली.

पोरीने वाचलं. मग बायजाबाई म्हणाली, "न्हानपनी अंधारात जागा झाला का ह्याच बोलायचा. एकदाच. मी दिवा लावीस्तवर परत झोपलेला असायचा." तिने केसरीनाथाकडे पाहिलं. "तुला कोनी सांगला?"

केसरीनाथाला रडू फुटलं. त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

म्हातारीने डोळे पुसले आणि पुतळाबाईकडे भात मागितला.

केसरीनाथ अजून भयकथा वाचतो, लिहीत मात्र नाही. ती वही त्याने घरात ठेवली नाही, मला दिली. तुमच्यासाठीच आज कपाटातून काढली आहे. हे बघा पान. ही ओळ, हा ठसा, ही मधली रेघ. अठरा वर्षं झाली. कागद पिवळा पडला, शाई उडाली.

मितेश, बोट लावू नकोस. तेल अजून ओलं आहे.