जाऊबाईंनी कोरलेला पाईप

“हाही साला धरत नाही. बघ, विझला. मुद्दाम करतात सगळे!”

हे माझ्या कानाशीच पुटपुटले. आम्ही दोघं काउंटरमागे खेटून उभे होतो. तिथे जागाच तेवढी आहे. ह्यांच्या दातांत आखूड, सरळ दांडीचा पाईप होता आणि हातातली काडी बोटापर्यंत जळत आली होती. मी ती फुंकून विझवली.

“सगळे म्हणजे कोण?”

“पाईप. आणखी कोण?” असं म्हणून त्यांनी मान फिरवली.

आमचं दुकान पाईपचं. पुढे विक्री, मागे लाकूड कातायचं लेथ आणि पॉलिशचं टेबल, आणि त्याच्याही मागे लाकडाचे ठोकळे वाळवायची खोली. दुकानाचा नियम मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा: मालकाच्या तोंडात त्याचा स्वतःचा पाईप हवा. ज्याला स्वतःचा सापडला नाही, तो गिऱ्हाइकाला काय डोंबल निवडून देणार?

पाईप निवडणं लग्नासारखं असतं, असंही मामंजी म्हणतात. मला विचाराल तर ते चपलेसारखं असतं. दिसायला कितीही देखणा असो, चार पावलं चालल्याशिवाय चावतो की नाही ते कळत नाही. तरी इतक्या वर्षांत माझे काही अंदाज बसले आहेत. बोलघेवड्याला वाकडा पाईप द्यावा. तो हनुवटीवर लोंबतो आणि जीभ मोकळी राहते. हुकूम सोडायची सवय असलेल्याला सरळ, कारण तो बोटासारखा रोखता येतो. लांब, बारीक दांडी आरशात बघणाऱ्यांची. आणि रुंद, बुटक्या वाटीचा पाईप ज्याला कसली घाई नाही त्याचा. आमच्या थोरल्या दिरांचा तसा होता.

ते गेल्यापासून मालकाची खुर्ची रिकामी होती. “वर्षाच्या आत तुझा पाईप तुला मिळाला, तर खुर्ची तुझी,” मामंजींनी ह्यांना सांगून टाकलं होतं. “नाहीतर दुकान थोरल्या सुनेचं.” थोरल्या सुनेचं म्हणजे जाऊबाईंचं. त्या खुर्चीकडे हे लहानपणापासून बघत आले होते. वर्ष आता संपत आलं होतं.

थोरले गेले ते वाळवणीच्या खोलीत. तिथे कोळशाची शेगडी असते. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दार घट्ट बसणारं आणि कडी बाहेरून. वाऱ्यानं दार आपटलं, कडी आपोआप पडली, आत धूर कोंडला, असं आम्ही सांगतो. मी तेव्हा माहेरी होते, त्यामुळे मला जे सांगण्यात आलं तेच मी पुढे सांगते. जाऊबाई बाजारात गेलेल्या, मामंजींचा खिडकीशी डोळा लागलेला आणि हे लेथवर. कुणालाच काही ऐकू आलं नाही.

जाऊबाईंनी एकदाच, जेवताना, म्हटलं होतं, “ती कडी किती जड आहे, नाही?” त्यांनी भात कालवला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

तर, पाईप. तो आखूड सरळ पाईप त्याच दुपारी आमचे नेहमीचे गिऱ्हाईक, घड्याळजी, घेऊन बसले, आणि पहिल्याच काडीत असा पेटला की दुकानभर वास दरवळला. “काय सुरेख जातोय!” म्हणत त्यांनी तो विकतसुद्धा घेतला. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

मी म्हटलं, तुमचा झुरका जोराचा आहे. वाकडा घ्या, तो दमानं ओढावा लागतो. वाकडा पेटला. तंबाखू जळून राख झाली. पण ओढून झाल्यावर मी वाटी तळहातावर घेतली तर ती गार होती. विहिरीतून काढलेल्या दगडासारखी. मी राख झटकली. लाकूड जाड असेल.

तिसरा लांब दांडीचा. तो वाजायला लागला.

ठक ठक ठक. मग थांबून पुन्हा ठक ठक ठक.

“लाकूड तापलं की वाजतंच,” मी म्हटलं.

“मोजून वाजतं?”

खिडकीजवळ मामंजींनी हात कानाकडे नेला, खाजवायला नेल्यासारखा, आणि तो तिथेच ठेवला.

त्यानंतर ह्यांनी कपाटातला एकेक पाईप काढला. अंडाकृती वाटीचे, चौकोनी बुडाचे, गुळगुळीत, खडबडीत. काही विझायचे, काही वाजायचे. ह्यांना खोकला लागला, तोही पाईप तोंडात नसताना. जेवण तुटलं. रात्री पाठ चोळून देताना फासळ्या हाताला लागायच्या, आणि मला रडू यायचं. नवरा आहे शेवटी. मी काही विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं तर मी ते ठेवलं असतं कुठे?

एके सकाळी ह्यांनी एक पाईप ऐरणीवर ठेवून हातोड्यानं फोडला. “मेला तरी खुर्ची सोडत नाही!” ते ओरडले.

जाऊबाई पॉलिशचं फडकं घडी करत होत्या. “भावजी, असं चिडून कसं चालेल?” त्या म्हणाल्या. “तुमच्यासाठी मीच एक करते. चावा द्या.”

त्यांनी मेणाचा गोळा पुढे केला. शिंपी छातीचं माप घेतो तसं जाऊबाईंनी ह्यांच्या दातांचं माप घेतलं. हे लहान मुलासारखे चावले.

जाऊबाई त्या कामावर बसल्या की उठत नसत. लाकडावर वाकून हळू आवाजात काहीतरी बोलत. मधेच थांबत, ऐकल्यासारखं करत, आणि मान हलवत.

“ठोकळा कुठला आणलात?” मी विचारलं.

“मागचाच. आमचे हे गेले तेव्हा त्यांच्या हातात होता तो. बोटं एकेक सोडवून काढावा लागला. भावजींना आठवत असेल.”

पाईप तयार झाला तेव्हा तो सरळही नव्हता आणि वाकडाही. वाटी जराशी कललेली, दाराला लावलेल्या कानासारखी. अंगठा टेकायला खोलगट जागा. एका बाजूनं लाकूड आरशासारखं चकचकीत, दुसऱ्या बाजूवर वरून खाली उभ्या, वेड्यावाकड्या रेघा.

“ही नक्षी कशानं काढलीत?”

“मी नाही काढली,” जाऊबाई म्हणाल्या. “होती तशी ठेवली.”

रविवारी सकाळी, चांगल्या उन्हात, ह्यांनी तो भरला. घड्याळजी स्टुलावर होते, मामंजी खिडकीशी. काडी ओढली. तंबाखू एका दमात पेटली. वाटीच्या तोंडाशी लाल कडं फिरलं. ह्यांचा चेहरा असा उजळला की मला आमच्या लग्नातले हे आठवले.

“जमलं!” मी म्हटलं.

मामंजींनी खुर्चीकडे बोट केलं. हे बसले.

दुसरा झुरका. तिसरा. खोल, लांब झुरके.

“अहो,” घड्याळजी म्हणाले, “धूर कुठे जातोय?”

मी बघितलं. ह्यांची छाती भरत होती. नाकातून, तोंडातून काहीच बाहेर येत नव्हतं. हे आणखी ओढत होते.

धूर येत होता तो मागून. वाळवणीच्या खोलीच्या दाराखालून. थोरले गेल्यापासून तिथली शेगडी पेटवलेली नाही.

ठक ठक ठक.

आता ते पाईपमधून नव्हतं.

ह्यांचे डोळे मोठे झाले. हात पाईपकडे गेला. पाईप निघेना. मी दांडी धरून खेचली. ह्यांची मान पुढे आली, दात सुटले नाहीत.

“कसा बसलाय!” जाऊबाई म्हणाल्या. “अगदी मापाचा.”

ठक ठक ठक. दार हललं.

मी धावले. कडी लावलेली होती. हात लावला, तर तापलेली. मागे वळून बघितलं: हे खुर्चीतून मला मानेनं नको, नको म्हणत होते, आणि ओढत होते. ओठ निळे पडत चालले होते.

“उघड की,” जाऊबाई म्हणाल्या. “कुणीतरी उघडायलाच हवं.”

घड्याळजी दुकानाबाहेर पळाले होते.

मामंजी उठले. काठी न घेता उठले, आणि ह्यांच्या समोर येऊन उभे राहिले.

“त्या दुपारीही असंच वाजत होतं,” ते म्हणाले. “मला झोप नव्हती लागली रे. मी उठलो होतो. तू माझ्या खांद्यांवर हात ठेवलेस आणि मला परत बसवलंस.”

आत एकदम शांत झालं, कुणी श्वास धरून ऐकतंय असं.

“आणि मी बसलो.”