दोन काळे ठिपके

रेवतीने एकाहत्तरावे अंडे अंडवाचकात ठेवले. केसाएवढी सुई कवचातून आत गेली आणि पडद्यावर दोन ठिपके उमटले, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. दोन्ही पांढरेच. वाडीतली अंडी संपली होती; काळा ठिपका एकातही निघाला नव्हता.

तिची आते चंद्रावती शेजारी बसून सगळे बघत होती. सहा वर्षांपूर्वी कोंबडतापातून मूठभर काळ्या कोंबड्या वाचल्या, तेव्हा प्रयोगशाळेत घडवलेले तापरोधक पांढरे कोंबडे वाडीला मिळाले. पहिली पिल्ले झाडून सगळी पांढरी निघाली. काळा रंग गेलेला नाही, झाकला गेलाय, असे रेवतीने समजावले होते. एक पांढरा ठिपका असला तरी पिसे पांढरी; काळ्यासाठी दोन्ही काळे लागतात. पुढच्या पिढीत खरोखरच चारांत एक पिल्लू काळे निघाले.

वाडी हरखली. काळे कोंबडे दरवर्षी वाडी राखणाऱ्या देवाला, राखणदाराला गेले, काळ्या कोंबड्या नवसाला; आणि प्रयोगशाळेतून नवे पांढरे कोंबडे येत राहिल्याने झाकलेला काळाही विरत गेला. देवाला उणे द्यायची इथे रीतच नाही. निदान एक जोडी राखा, हे रेवतीने तेव्हाच बजावायला हवे होते. ती शहरात प्रबंध लिहीत बसली.

आता परसातल्या खुराड्यात वेगळा कोंडलेला एकच काळा कोंबडा उरला होता. तो जगला तर दोन पिढ्यांत रंग परत येईल, असे रेवतीने सांगितले. पण आज राखण, म्हणजे राखणदाराला काळा कोंबडा द्यायचा दिवस होता आणि चंद्रावतीचा मुलगा सगुण मासेमारीच्या ट्रॉलरवर होता.  तरी चंद्रावती म्हणाली, "रवांदे तो. यंदा नारळ ठेवतंय."

दोघी परसात गेल्या. खुराडे उघडे होते.

वाडीची राखण देणारे बापू गावकर केळीच्या पानात प्रसादाच्या कोंबड्याचा वाटा घेऊन आले. राखणीच्या काळ्या कोंबड्यासाठी मालकाला विचारायची इथे कधी पद्धत नव्हती.

"झील दर्यात, आणि तू यंत्राकडे बसलंस," ते मायेने म्हणाले. "म्हणान तुझो कोंबडो मीच दिलंय."

त्यांच्यावर रागावताही येईना. पुढच्या वर्षीही एखादा काळा निघेलच, असे सांगून ते गेले. रेवतीला रडू फुटले.

चंद्रावतीच्या हातातले पान अजून गरम होते.

"पुढच्या वर्साक राखणदार काळोच मागतलो," ती म्हणाली. "तेवा मी काय देऊ, रेवती?"